नव्वद हजारांची सायकल घ्यावी का?

(मंडळाच्या गणेशोत्सवात आम्ही दोघांनी मिळून केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघात निसटलेले एक-दोन आकडे इथे नीट करून दिले आहेत.)

गणपती बाप्पा मोरया!



मंडळाने बोलायला सांगितलं तेव्हा आम्ही आधी नाहीच म्हटलं. आम्ही काही व्याख्याते नव्हेत. आमच्यापैकी एकीने तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आणि एकाने बँकेत कर्जाचे कागद तपासले. पण आपले कार्यवाह म्हणाले, "तुमच्या घरी सहा महिने जे सायकलपुराण चाललं होतं, तेच सांगा. अर्ध्या कॉलनीला ते अर्धवट माहीत आहे. एकदा पूर्ण होऊन जाऊ दे." म्हणून उभे आहोत.

बाप्पा समोर बसले आहेत, तर सुरुवात त्यांच्यापासूनच करू. वाहनाच्या बाबतीत आपल्या दैवताइतका निश्चिंत कोणी नाही. स्वार वजनदार, वाहन अगदीच हलकं. कार्तिकेयाशी पृथ्वीप्रदक्षिणेची पैज लागली तेव्हा तो मोरावर बसून निघूनही गेला. बाप्पांनी आई-वडिलांना प्रदक्षिणा घातली आणि पैज जिंकली. लहानपणी आम्हाला वाटायचं, ही चतुराईची गोष्ट आहे. आता वाटतं, ती वाहनाचीही आहे. कुठे जायचं आहे हे आधी ठरवावं, वाहनाचं मग बघावं. आमच्या घरात नेमकं उलटं झालं.

आमच्या घरी सायकल नवी नाही. आमचे आजोबा, म्हणजे आमच्या मुलाचे आजोबा, ते आज पहिल्याच रांगेत बसले आहेत, १९६२ साली नागपूरहून भोपाळला आले. हेवी इलेक्ट्रिकल्स कंपनी १९५६ मध्ये स्थापन झाली होती आणि ६ नोव्हेंबर १९६० ला पंडित नेहरूंच्या हस्ते कारखान्याचं उद्घाटन झालं होतं. आज आपण ज्याला नुसतं 'भेल' म्हणतो, तो हाच कारखाना. पिपलानी, बरखेडा, गोविंदपुरा या वसाहती त्याच्याभोवती उभ्या राहिल्या आणि त्यांच्या कडेला पुढे आपली सोनागिरी. आजोबा सांगतात, शिफ्ट सुटली की गेटातून माणसं बाहेर पडायची नाहीत, सायकली बाहेर पडायच्या. घंट्यांच्या आवाजात बोललेलं ऐकू यायचं नाही. त्यांची काळी सायकल, मागे कॅरियर, पुढे डायनामोचा दिवा, हँडलला डबा. त्या सायकलवर ते निवृत्त होईपर्यंत कामावर गेले. ती आजही आमच्या व्हरांड्यात उभी आहे. किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवली तेव्हा वीस किलो भरली.

आता गोष्ट मुलाची. आमचा मुलगा एम.पी. नगरमध्ये नोकरी करतो. लग्न झाल्यावर तो आणि सूनबाई जवळच एका इमारतीत राहायला गेले. तिसरा मजला, लिफ्ट नाही. ऑफिस साधारण साडेसात किलोमीटर. मोटरसायकलने जात होता. गेल्या वर्षी तपासणीत साखर काठावर निघाली. आजोबांना मधुमेह, आमच्यापैकी एकाला मधुमेह. डॉक्टरांनी त्याला सांगितलं, औषध आत्ता नको, रोज घाम गाळा. त्याने ठरवलं की ऑफिसला सायकलने जायचं. आम्हाला बरं वाटलं. मग तो एका संध्याकाळी मोबाइलवर फोटो घेऊन आला. नऊ किलोची सायकल, एका बोटावर उचलता येते म्हणाला. किंमत नव्वद हजार, हप्त्याची सोय.

त्या दिवशी आमच्या तोंडून जे निघालं, ते इथे सांगायला संकोच वाटतो, पण सांगतो. आम्ही म्हणालो, "तुझ्या आजोबांनी वीस किलोच्या सायकलवर संसार केला. तुला सायकल चालवायची आहे की मिरवायची आहे?" तो काहीच बोलला नाही. फोटो बंद केला, चहा अर्धा ठेवला आणि गेला. पुढचे दोन महिने तो मोटरसायकलनेच ऑफिसला जात राहिला. नव्वद हजार वाचले आणि साखर होती तिथेच राहिली. आमचा विजय हा असा होता.

मग आम्ही दोघांनी ठरवलं, रागाने नाही म्हटलं ते झालं, आता हिशेबाने बघू. बँकवाल्याने पैसे बघायचे, विज्ञानवालीने वजन बघायचं.

आधी पैसे. जाऊन-येऊन पंधरा किलोमीटर, महिन्याला पंचवीस दिवस, म्हणजे पावणेचारशे किलोमीटर. मोटरसायकल लिटरला पंचेचाळीस देते असं धरलं तर सव्वाआठ-साडेआठ लिटर पेट्रोल. लिटरला शंभराच्या वर मोजावे लागतात, तेव्हा महिन्याची बचत नऊशेच्या आसपास. नव्वद हजार वसूल व्हायला शंभर महिने, म्हणजे आठ वर्षांहून जास्त. त्यात भोपाळचा पावसाळा धरलेला नाही, व्याज धरलेलं नाही, दुरुस्तीही नाही. तीच सायकल बावीस हजारांची असेल तर दोन वर्षांच्या थोडं पुढे पैसे फिटतात. नुसत्या पेट्रोलच्या हिशेबात महागडी सायकल बसत नाही. पण माणूस काही पेट्रोलसाठीच सायकल घेत नाही. म्हणून वजनाकडे वळलो.

वजनाचा हिशेब करताना लोक एक चूक करतात, आम्हीही करत होतो. वीस किलोची सायकल आणि नऊ किलोची सायकल, म्हणजे मेहनत निम्म्याहून कमी, असं वाटतं. पण रस्त्यावर सायकल एकटी जात नाही. सत्तर किलोचा माणूस वर बसतो. डबा, लॅपटॉप, पाण्याची बाटली मिळून चार किलोची पिशवी. म्हणजे एकीकडे चौऱ्याण्णव किलो, दुसरीकडे त्र्याऐंशी. फरक निम्म्याचा नाही, जेमतेम बारा टक्क्यांचा. आणि हे झालं आजोबांच्या सायकलशी तुलना करून. आजच्या साध्या गिअरवाल्या ॲल्युमिनियमच्या सायकली तेरा-चौदा किलोच्या असतात. तेरा आणि नऊ यांत फरक चार किलोंचा. सत्त्याऐंशीत चार.

हे चार किलो नेमके कधी त्रास देतात? चढाला. भोपाळ सपाट नाही हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. अरेरा हिल्स, श्यामला हिल्स, ईदगाह हिल्स, नावांतच टेकड्या आहेत. समजा वाटेत सगळे चढ मिळून तीस मीटर चढायचं आहे. चार किलो तीस मीटर वर न्यायला जी ऊर्जा लागते, ती रोज सायकल चालवणारा साधारण माणूस बारा सेकंदांत देतो. बारा सेकंद! वीस किलोच्या सायकलशी तुलना केली तरी अर्धं मिनिट. सिग्नलला थांबून पुन्हा वेग घ्यायला आणखी थोडं, प्रत्येक सिग्नलला चार किलोंसाठी अर्धा-एक सेकंद. पण तो सिग्नल लाल असेल तर मिनिटभर उभंच राहायचं आहे, तिथे हलकी सायकल आणि जड सायकल शेजारी शेजारी उभ्या राहतात.

आणि सपाट रस्त्यावर? तिथे सायकलला दोन गोष्टी मागे ओढतात. एक समोरचा वारा, दुसरी टायर आणि रस्ता यांची घासाघीस. वारा सायकलचं वजन विचारत नाही. तो बघतो तुमची छाती किती रुंद आहे आणि तुम्ही किती ताठ बसला आहात. टायरच्या घासाघिशीत वजन येतं, पण किती? चार किलो कमी केले की मागे ओढणारं बळ तीस-पस्तीस ग्रॅम वजनाइतकं कमी होतं. एका लिंबाएवढं म्हणा. उलट टायरमध्ये हवा कमी असेल, टायर जाडाभरडा असेल, तर हेच बळ दुप्पट होऊ शकतं, म्हणजे अर्धा किलो वजन कोणीतरी दोरीने सतत मागे ओढतंय असं. चौकातला पंक्चरवाला किरकोळ पैशांत हवा भरून देतो. त्या हवेतून जे मिळतं, ते नव्वद हजारांतून मिळत नाही. हे आम्ही कागदावर तीनदा तपासलं, कारण आम्हालाही खरं वाटेना.

हा प्रश्न आपल्याआधी एका डॉक्टरांना पडला होता. इंग्लंडमधले भूलतज्ज्ञ डॉ. जेरेमी ग्रोव्ह्ज रोज सायकलने इस्पितळात जात. जाऊन-येऊन त्रेचाळीस किलोमीटर. त्यांच्याकडे पन्नास पौंडांची जुनी स्टीलची सायकल होती, साडेतेरा किलोची. त्यांनी हजार पौंडांची कार्बन फ्रेमची नवी घेतली, साडेनऊ किलोची. नवीवरून एकदा झटपट पोहोचले तेव्हा खूश झाले, पण मग जुनीवरूनही एकदा तितकेच लवकर पोहोचले आणि शंका आली. म्हणून त्यांनी रोज सकाळी नाणं उडवायला सुरुवात केली. छापा आला तर ही, काटा आला तर ती. असे छप्पन दिवस. सरासरी काढली तर दोन्ही सायकलींना दिवसाला पावणेदोन तासांच्या थोडं वर लागत होते. फरक फक्त अर्ध्या मिनिटाचा, आणि तोही जुन्या सायकलच्या बाजूने. २०१० च्या डिसेंबरमध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने हे छापलं. डॉक्टरांनी शेवटी सुचवलं की सायकलचं वजन कमी करण्यापेक्षा सायकलस्वाराने स्वतःचं कमी केलं तर स्वस्तात जास्त फायदा होईल. एका माणसाचा, एका रस्त्यावरचा प्रयोग आहे, त्यावरून जगाचा कायदा होत नाही. पण आमच्या कागदावरचं गणित आणि त्यांचा रस्ता एकच सांगत होते.

आम्ही हे सगळं मुलाला फोनवर सांगितलं. जरा विजयी सुरातच सांगितलं असावं. तो म्हणाला, "बाबा, तुम्ही बसून गणित करताय. चालवून बघितली का?"

बरोबर होतं त्याचं. मग आजोबांनी मध्यस्थी केली. त्यांची काळी सायकल बाहेर काढली. मुलाच्या एका मित्राकडे तशीच नऊ किलोची सायकल होती, ती पंधरा दिवसांसाठी मागून आणली. एक दिवस ही, एक दिवस ती. वेळ आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहायची. सोनागिरीहून निघून गोविंदपुऱ्याच्या बाजूने, चेतक पुलावरून एम.पी. नगर.

पहिल्या आठवड्यात काळ्या सायकलला तेहतीस-चौतीस मिनिटं लागली, हलकीला अठ्ठावीस. मुलगा हसला. आजोबांनी सायकल उलटी केली, चाक फिरवलं आणि म्हणाले, "टायर बघ कसे झालेत. ही सायकल चालवत नव्हतास, ओढत होतास." दोन्ही टायर-ट्यूब नवे घातले, छर्रे धुऊन ग्रीस भरलं, चेनला तेल दिलं, सीट दोन इंच वर केली. सगळा खर्च दीड हजारांच्या आत. दुसऱ्या आठवड्यात काळी सायकल एकतीस मिनिटांवर आली. उरलेली तीन मिनिटं अकरा किलोंची आणि नसलेल्या गिअरची. तीन मिनिटं! चौकात ओळखीचं कोणी भेटलं तर त्याहून जास्त जातात.

इथे आमचं भाषण संपायला हवं होतं. हलकी सायकल म्हणजे पैशांची उधळण, निकाल जाहीर. पण खरी गोष्ट यानंतर घडली.

रविवारी सगळे जेवायला जमले होते. आम्ही कॅलेंडर दाखवत होतो. सूनबाई पोळ्या वाढता वाढता म्हणाली, "आई, तुम्ही दोघं रस्त्याचं गणित करताय. त्याचं गणित जिन्याचं आहे."

आम्हाला कळेना. मग तिने सांगितलं. मुलाने आधी एक सायकल घेतली होती, साधीच, चौदा किलोची. आम्हाला दाखवायला आणायच्या आधीच ती इमारतीच्या खालून चोरीला गेली. साखळी कापलेली होती. आम्ही रागावू म्हणून त्याने सांगितलंच नाही. त्यानंतर त्याने ठरवलं, पुढची सायकल घरात ठेवायची. चोपन्न पायऱ्या. सकाळी उतरवायची, रात्री दमून आल्यावर चढवायची, एका खांद्याला लॅपटॉप, हँडल भिंतीला घासतंय, वळणावर चाक कठड्यात अडकतंय. दुकानात त्याने चौदा किलोची उचलून बघितली आणि नऊ किलोची उचलून बघितली. रस्त्याला जो फरक कळत नाही, तो खांद्याला लगेच कळला. "रोज दोनदा जिना म्हटल्यावर तिसऱ्या दिवशी तो मोटरसायकलची किल्ली उचलणार," ती म्हणाली, "हे त्यालाही माहीत होतं."

आम्ही दोघं गप्प झालो. दोन महिने आम्ही त्याला वेगाचं, वाऱ्याचं, टायरचं शिकवत होतो. वेग त्याने मागितलाच नव्हता. हलकी सायकल तुला कुठे हवी आहे, एवढा एक प्रश्न आम्ही त्याला विचारला नव्हता. मिरवायची आहे का, हे मात्र विचारलं होतं.

आमच्या मते सगळ्या वादाचं उत्तर इथे आहे. सायकल किती किलोची आहे हे रस्त्याला फारसं कळत नाही, जिन्याला कळतं. जिथे सायकल तुम्हाला उचलते, तिथे चार किलो म्हणजे काही सेकंद. जिथे तुम्ही सायकलला उचलता, तिथे ते चार किलो म्हणजे ती रोज बाहेर निघणार की नाही हे.

त्या दिवशी आजोबांनीच तोडगा काढला. म्हणाले, "माझी एक सायकल आत राहते, तिथे दुसरीही राहील. सायकल इथे ठेव. सकाळी इथपर्यंत पायी ये." आमचं घर तळमजल्याचं, व्हरांड्याला जाळीचं दार आणि कुलूप. मुलाच्या इमारतीपासून पाच मिनिटं. जिना सुटला, चोरीची भीती सुटली. मग नव्वद हजारांची गरजच राहिली नाही. त्याने तेवीस हजारांची गिअरची सायकल घेतली, तेरा किलोची. त्यावर आणखी चार हजार खर्च केले: चांगले टायर, दोन्ही मडगार्ड, कॅरियर, पुढचा-मागचा दिवा, घंटी, हेल्मेट आणि एक मजबूत कुलूप. गंमत बघा, ती नऊ किलोची सायकल कोरीच होती. मडगार्ड नाही, कॅरियर नाही, स्टँड नाही. ऑफिसला जायला हे सगळं लावलं असतं तर तिचंही वजन दीड-दोन किलोंनी वाढलं असतं.

आता तो सकाळी येतो, आजोबांबरोबर अर्धा कप चहा घेतो, बिनसाखरेचा, टायर दाबून बघतो आणि निघतो. साखरेचं काय ते पुढच्या तपासणीत कळेल, त्याबद्दल आत्ता बढाई नको. पण कॅलेंडरवर गेल्या तीन महिन्यांत फुल्या कमी आणि खुणा जास्त आहेत.

आता ज्यांच्या घरी हा वाद उद्या होणार आहे, त्यांच्यासाठी आमचा अनुभव थोडक्यात.

तुमची सायकल तळमजल्यावर कुलपात राहत असेल आणि अंतर पाच-दहा किलोमीटर असेल, तर हलकेपणासाठी पैसे मोजू नका. वीस-पंचवीस हजारांच्या आतली गिअरची चांगली सायकल घ्या. घेताना वजनाआधी माप बघा. तुमच्या उंचीला फ्रेम बसते का, पॅडल सगळ्यात खाली असताना पाय जवळजवळ सरळ होतो का. सीट खाली ठेवून चालवणाऱ्याचे गुडघे दुखतात आणि तो दोष सायकलला देतो. हवा आठवड्याला बघा. चेन कोरडी राहू देऊ नका.

तुम्हाला रोज जिना चढायचा असेल, सायकल रेल्वेत किंवा गाडीत टाकावी लागत असेल, किंवा उचलणाऱ्याचे खांदे-कंबर नाजूक असतील, तर हलक्या सायकलचे पैसे वाया जात नाहीत. पण तेव्हाही चौदावरून अकरा किलोंवर येणं स्वस्त आहे. अकरावरून नऊवर येताना प्रत्येक किलोची किंमत वाढत जाते. शर्यतीच्या सायकलींना तर आंतरराष्ट्रीय नियमाने ६.८ किलोंची खालची मर्यादाच आहे. तिथपर्यंतचा खेळ सेकंदांसाठी जिंकणाऱ्यांचा, ऑफिसच्या डब्याचा नाही. हौस म्हणून कोणी घेत असेल तर जरूर घ्यावी, हौसेला हिशेब लावू नये. फक्त तिला ऑफिसची गरज म्हणू नये.

ज्यांचे गुडघे थकले आहेत, त्यांनी विजेच्या सायकलचा विचार करावा. अडीचशे वॅटपर्यंतची मोटर आणि ताशी पंचवीस किलोमीटरच्या आतला वेग असेल तर आपल्याकडे तिला मोटरवाहनाचे नियम लागत नाहीत. ती वीस-पंचवीस किलोची असते, म्हणजे आजोबांच्या सायकलहूनही जड, तरी चढ सगळ्यात सोपा तिलाच जातो. ही मात्र जिना चढवायची गोष्ट नव्हे.

आणि शेवटी एक मागणी, ती मंडळाकडे आणि आपल्या सगळ्यांकडे. २०१७ च्या जूनमध्ये भोपाळमध्ये भाड्याच्या सार्वजनिक सायकलींची योजना सुरू झाली, पाचशे सायकली होत्या. त्या काही हलक्या नव्हत्या. पण त्या ठेवायला ठरलेली जागा होती, कुठे घ्यायची आणि कुठे सोडायची हे ठाऊक होतं. आपल्या इमारतींमध्ये मोटारीला रेघा मारलेल्या आहेत, स्कूटरला जागा आहे, सायकलने मात्र जिन्याखाली कचऱ्याच्या डब्याशेजारी उभं राहायचं. चोर तिथेच येतो. तळमजल्यावर दहा फूट जागा, जमिनीत पक्का केलेला एक लोखंडी दांडा आणि वर एक दिवा, एवढं प्रत्येक सोसायटीने केलं तर कित्येक घरांतला नव्वद हजारांचा वाद उद्भवणारच नाही. सुरुवात आपल्या मंडपापासून करू. पुढच्या वर्षी मंडपाच्या बाजूला सायकलींसाठी दोरी बांधलेली एक जागा असावी. पहिल्या दिवशी तिथे निदान दोन सायकली असतील, एक तेरा किलोची आणि एक वीस किलोची, याची हमी आम्ही देतो.

मुलगा समोर बसला आहे. त्याला घरी सांगून झालं आहे, पण त्या दिवशी बोललो ते घरात आणि पसरलं सगळ्या कॉलनीत, म्हणून इथेही सांगतो. बाळा, तुला मिरवायचं नव्हतं. आम्ही विचारायला हवं होतं.

गणपती बाप्पा मोरया!